कोंबडा, वळू आणि लोणकढी थाप

वाचक विचारतात : शब्दांच्या गोष्टी

प्रश्न : मुलाच्या इंग्रजीच्या धड्यात 'कॉक-अँड-बुल स्टोरी' असा शब्दप्रयोग आला. त्याने वहीत 'कोंबडा आणि बैलाची गोष्ट' असे लिहिले आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. अर्थ 'थाप' असा आहे हे कोशात सापडले. पण थापेचा कोंबड्याशी आणि बैलाशी काय संबंध? इंग्लंडमधल्या दोन सरायांची एक गोष्ट वाचनात आली, ती खरी धरावी का?
— एक पालक, सातारा

उत्तर : बाईंची फुली रास्त आहे. मुलाच्या भाषांतरात आणखीही एक बारीक चूक आहे, ती आधी सांगतो. 'बुल' म्हणजे बैल नव्हे, वळू. खच्ची केलेला, मानेवर जू घेणारा तो इंग्रजीत 'ऑक्स' किंवा 'बुलक'. पैदाशीसाठी राखलेला तो 'बुल'. तेव्हा शब्दशः करायचेच तर 'कोंबडा आणि वळू' करावे लागेल. हा फरक पुढे एका उत्तरात कामाला येणार आहे.

आता अर्थ. रचून सांगितलेली कुठलीही गोष्ट 'कॉक-अँड-बुल स्टोरी' होत नाही. परीकथेला कोणी तसे म्हणत नाही, शिकाऱ्याच्या फुशारकीलाही सहसा नाही. जाब विचारल्यावर समोरचा जी न पटणारी, लांबण लावलेली हकिगत ऐकवतो, तिला हे नाव मिळते. उसने पैसे परत मागितले की 'बँकेतच निघालो होतो, तेवढ्यात मामेभावाचा फोन आला, त्याची गाडी खंबाटकी घाटात बंद पडलेली, टोइंगवाला रोखच मागत होता, आणि नेमका माझा फोन बंद पडला' असे ऐकायला मिळते ना, तीच ही गोष्ट. तिचा एकेक तुकडा सुटा घेतला तर घडण्यासारखा असतो. सगळे तुकडे एकाच दुपारी, एकाच माणसाच्या वाट्याला आले म्हटल्यावर मात्र ते पटत नाही.

इंग्रजी वाक्यात याच्या आधी बहुधा 'सम' येते : 'ही टोल्ड मी सम कॉक-अँड-बुल स्टोरी'. या 'सम'चा अर्थ 'काही' असा नसून 'कसलीशी' असा आहे. बोलणाऱ्याचा वैताग त्या एका शब्दात असतो, भाषांतरात तो गाळू नये.

सरायांकडे वळू. लंडनच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर स्टोनी स्ट्रॅटफर्ड हे जुने गाव आहे. आता ते मिल्टन कीन्स शहरात मोडते. वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन काळातला रस्ता तिथे ग्रेट ऊझ नदी ओलांडतो. दगडगोट्यांचा उतार आणि त्यावरून जाणारा रस्ता, दोन्ही गावाच्या नावातच आहेत. गावाच्या मुख्य रस्त्यावर 'द कॉक' आणि 'द बुल' या दोन सराया एकमेकींपासून चार पावलांवर आजही उभ्या आहेत. लंडनहून चेस्टर आणि होलीहेडकडे जाणाऱ्या घोडागाड्या इथे थांबत, घोडे बदलत. एका सरायीतली बातमी दुसरीत जाईपर्यंत फुगे, परत येईपर्यंत आणखी फुगे, आणि त्यातून हा शब्दप्रयोग निघाला, असे ती गोष्ट सांगते.

गोष्ट रंगतदार आहे, म्हणूनच ती तारखांवर घासून पाहायला हवी. 'कोंबडा आणि वळू यांची गोष्ट' हा प्रयोग जॉन डे या नाटककाराच्या १६०८ साली छापलेल्या नाटकात आहे. एक पात्र म्हणते, 'त्याने माझ्या बापाला कोंबड्याची आणि वळूची काय गोष्ट सांगितली!' १६२१ साली रॉबर्ट बर्टनने विषादावरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात गुत्त्यात दिवस काढणाऱ्या माणसांचे वर्णन केले आहे. ती तंबाखू ओढतात, गातात, थट्टा करतात आणि पेल्यावर बसून कोंबडा-वळूच्या गोष्टी करतात. चेस्टरच्या वाटेवर ठरलेल्या भाड्याच्या घोडागाड्या धावू लागल्या त्या १६५०च्या दशकात. टपाल नेणाऱ्या वेगवान गाड्या तर १७८४ सालच्या. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे १८३८ साली पूर्ण झाली आणि या गावावरची घोडागाड्यांची वर्दळ ओसरली. म्हणजे ज्या गजबजाटातून वाक्प्रचार निघाला असे सांगतात, त्या गजबजाटाच्या कितीतरी आधी तो लंडनच्या रंगभूमीवर रुळलेला होता. शिवाय १७४२ सालच्या आगीत हे गाव जवळजवळ पूर्ण जळाले. पर्यटकांना दाखवतात त्या इमारती त्यानंतरच्या आहेत.

घोड्यावरून प्रवास करणारे लोक १६०८च्या आधीही होतेच, तेव्हा एकट्या तारखेने गोष्ट मोडत नाही. पण व्याकरणही तिच्या विरुद्ध जाते. सरायीचे नाव घेताना इंग्रज 'द कॉक' म्हणतो. १६०८च्या वाक्यात 'अ कॉक अँड अ बुल' आहे, म्हणजे कुठलातरी एक कोंबडा आणि कुठलातरी एक वळू. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाट्या नाहीत, प्राणी आहेत. त्यात 'कॉक' आणि 'बुल' ही इंग्लंडातल्या सरायांची अगदी नेहमीची नावे, आपल्याकडे 'अन्नपूर्णा' आणि 'गणेश' असतात तशी. ज्या गावात दोन्ही आहेत, त्या प्रत्येक गावाला हा दावा करता येईल. सरायांची गोष्ट खरी धरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग कोंबडा आला कुठून? सगळ्यात जवळचा धागा फ्रेंचमध्ये आहे. फ्रेंच माणूस बोलता बोलता एकदम भलत्याच विषयावर गेला, तर तो 'कोंबड्यावरून गाढवावर गेला' असे म्हणतात. उच्चार साधारण 'पासे द्यु कॉक आ लान' असा. हा प्रयोग मध्ययुगापासून चालत आलेला आहे. क्लेमाँ मारो या कवीने १५३१ साली याच नावाची उपहासात्मक पत्रकविता लिहिली. तिच्यात एका विषयाचा दुसऱ्याशी मुद्दामच मेळ ठेवलेला नाही. पुढे त्या धाटणीच्या कवितांनाच 'कॉकालान' म्हणू लागले. स्कॉटलंडच्या इंग्रजीने हा शब्द 'कॉकलेन' असा उचलला, अर्थ तोच : बिनबुडाची, असंबद्ध बडबड, किंवा टोचून लिहिलेले उपहासाचे काव्य.

वरची खंबाटकी घाटाची हकिगत आठवा. तिच्यातही तुकड्याला तुकडा जुळत नाही. कोंबड्यावरून गाढवावर उडी मारणारे बोलणे आणि कोंबडा-वळूची गोष्ट यांच्यात अर्थाचे नाते आहे ते हेच. फ्रेंच गाढवाचा इंग्रजी वळू होतानाची मधली पायरी मात्र छापील साधनांत आढळलेली नाही. म्हणून जबाबदार कोशकार या फ्रेंच वाक्प्रचाराशी तुलना करायला सांगतात, 'हेच मूळ' असे ठोकून देत नाहीत. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'बुल' या शब्दाला 'हास्यास्पद, स्वतःलाच खोडणारे विधान' असाही एक अर्थ होता. वळू या शब्दाला थापेच्या घरात जागा मिळायला तो उपयोगी पडला असणे शक्य आहे.

मुलाला लिहिताना एवढे सांगा : नामाच्या आधी आला की 'कॉक-अँड-बुल' हे तिन्ही शब्द संयोगचिन्हांनी जोडतात, आणि अनेकवचन फक्त 'स्टोरी'चे होते. सुटा 'कॉक' वापरून वाक्य करू नये, त्याला इंग्रजीत एक अश्लील अर्थ आहे.

प्रश्न : पंचतंत्रात प्राणी बोलतात, संजीवक नावाचा बैल तर पहिल्याच तंत्राचा नायक आहे. अरबी गोष्टींतही कोंबडा आणि बैल येतात. इंग्रजांनी हा शब्दप्रयोग आपल्याकडूनच उचलला नसेल कशावरून?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : शंका चांगली आहे, आणि तिचे दोन्ही भाग निरनिराळ्या जागी अडतात. पंचतंत्राला तारखेची अडचण नाही. संस्कृतातून पहलवी, पहलवीतून अरबी, मग हिब्रू, लॅटिन, इटालियन असा प्रवास करत ते टॉमस नॉर्थच्या भाषांतरातून १५७० साली इंग्रजीत पोहोचले. म्हणजे १६०८च्या आधी ते इंग्रज वाचकाच्या हातात होते. अडचण आहे ती मजकुराची. संजीवकाची गाठ पिंगलक सिंहाशी पडते, मैत्रीत बिब्बा घालतो तो दमनक कोल्हा, त्या मुख्य कथेत कोंबड्याला काही काम नाही.

अरबी गोष्टींचे उलटे आहे. 'अरेबियन नाइट्स'मधली शहरजाद सुलतानाशी लग्न करायचे म्हणते, तेव्हा तिला परावृत्त करण्यासाठी तिचा बाप, म्हणजे वजीर, एक गोष्ट सांगतो. तिच्यात नांगराला जुंपलेला बैल आहे, त्याला आजारीपणाचे सोंग घ्यायला शिकवणारे गाढव आहे, आणि शेवटी पन्नास कोंबड्यांचा कारभार सांभाळणारा कोंबडाही आहे. कोंबडा, गाढव, बैल असे तिघेही एकाच गोष्टीत! फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही वाक्प्रचारांचे मूळ इथेच सापडले असे वाटण्याचा मोह होतो. पण युरोपातल्या वाचकांपुढे ही गोष्ट आणली ती आंत्वान गालाँच्या फ्रेंच भाषांतराने, आणि त्याचा पहिला खंड १७०४ सालचा. तोवर इंग्रजी वाक्प्रचाराला जवळपास शंभर वर्षे झाली होती, फ्रेंचला त्याहून पुष्कळ जास्त. वाचकाने गोष्टींतले साम्य अचूक टिपले आहे, पण या जागी ते योगायोगाचे आहे.

बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी युरोपातही इसापापासून होत्या. 'कोंबडा-वळूच्या गोष्टी' म्हणजे 'पोराबाळांना सांगायच्या प्राण्यांच्या गोष्टी', असा साधा उलगडा काही अभ्यासक करतात. तो अर्थाला धरून आहे, एवढे म्हणता येते.

प्रश्न : एका इंग्रजी कादंबरीचा शेवटच या शब्दांनी होतो असे वर्गात सांगितले गेले. ते काय आहे? आणि आपल्या 'भाकडकथे'तला 'भाकड' तोच का, गायीचा?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : कादंबरी म्हणजे लॉरेन्स स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी'. १७५९ ते १७६७ या काळात तिचे नऊ खंड निघाले. नायक स्वतःच्या आयुष्याची कथा सांगायला बसतो आणि पावलोपावली फाटे फुटून विषयाबाहेर जातो. शेवटच्या प्रकरणात ओबडाया हा नोकर तक्रार घेऊन येतो. मालकाने गावाच्या सोयीसाठी वळू पाळलेला आहे. ओबडायाचे लग्न झाले त्याच दिवशी त्याने आपली गाय त्या वळूकडे नेली होती. दिवस मोजायला सोपे, एकाचा हिशेब दुसऱ्याला लागू. बायको बाळंत झाली, गाय मात्र व्यालीच नाही. दोष वळूचा की काय यावर घरातले पुरुष गंभीर चर्चा करतात, मालक आपल्या वळूची बाजू लावून धरतो. एवढ्यात नायकाची आई विचारते, ही सगळी गोष्ट आहे तरी कशाची? पाद्री यॉरिक उत्तर देतो : कोंबड्याची आणि वळूची, आणि अशांपैकी मी ऐकलेल्या उत्तमातली एक. कादंबरी तिथे संपते. उत्तर एकाच वेळी समोरच्या वळूला, साऱ्या चर्चेला आणि नऊ खंडांच्या पुस्तकालाही लागू पडते. यातला 'बुल' 'बैल' म्हणून मराठीत आणला तर विनोद जागच्या जागी मरतो, कारण बैलाकडे कोणी गाय नेत नाही. वर वळूचा आग्रह धरला तो यासाठी.

आणि होय, 'भाकड' तोच. दूध न देणारी गाय किंवा म्हैस ती भाकड. तिला वैरण-पाणी लागते, गोठ्यात जागा लागते, शेण काढावे लागते, पण चरवी रिकामी. भाकडकथा तशीच : ऐकायला वेळ जातो, हाती काही लागत नाही. म्हणून 'भाकडकथा' आणि 'थाप' एक नव्हेत. थापेत फसवण्याचा हेतू असतो, भाकडकथेत तो असेलच असे नाही. बर्टनच्या गुत्त्यातल्या लोकांच्या गोष्टींना मराठीत 'भाकडकथा' हाच शब्द शोभतो. आजच्या इंग्रजीतला 'कॉक-अँड-बुल' त्यापेक्षा थापेकडे अधिक झुकलेला आहे.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करते. इंग्रजीत अशा गोष्टींना पाच-सात निरनिराळी नावे आहेत, माझ्याकडे मात्र सगळीकडे 'थाप' येते. काही नेमके प्रतिशब्द सुचवाल का?
— एक भाषांतरकार, पुणे

उत्तर : मराठीत शब्दांची वाण नाही. शब्द निवडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : सांगणाऱ्याचा हेतू काय, ऐकणारा चिडला आहे की रमला आहे, आणि गोष्ट चावडीवरची आहे की चौकीतली.

'कॉक-अँड-बुल स्टोरी' घरगुती संवादात असेल तर 'काहीतरी थाप मारली', 'पुड्या सोडल्या', तरुण पात्र असेल तर 'फेकली', 'बंडल मारलं'. पोलिस किंवा वकील बोलत असेल तर 'बनाव', 'बतावणी', 'रचलेली हकिगत'. वर्तमानपत्री लेखात 'कपोलकल्पित' चालेल. यातला कपोल म्हणजे गाल : गालातून निघालेली, तोंडच्या शब्दांपलीकडे कशाचा आधार नसलेली.

'लोणकढी थाप' मोह पाडते, पण ती जपून वापरा. लोणी कढवून केलेले तूप ते लोणकढे. लोणी दोन-चार पाण्यांतून धुऊन मंद आचेवर ठेवले की आधी फेस येतो, मग तडतड होते, तडतड थांबली की पाण्याचा अंश गेला असे समजायचे. खाली बेरी बसते आणि वर निवळशंख तूप. थापेला हे विशेषण लावले की 'ताजी, नुकतीच कढवलेली, भेसळ नसलेली' असे तिचे जवळपास कौतुकच होते. ऐकणारा हसत असेल तिथे लोणकढी चपखल बसते. जिथे इंग्रजी बोलणारा दात-ओठ खात 'कॉक-अँड-बुल' म्हणतो, तिथे ती विसंगत वाटते.

'टॉल टेल' म्हणजे करमणुकीसाठी बेसुमार फुगवलेली गोष्ट, अमेरिकेत तिचा स्वतंत्र लोककथाप्रकारच आहे. सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ती खोटी असल्याचे ठाऊक असते. तिला 'थाप' म्हणू नये. 'बाता' किंवा 'रंगवलेली गप्प' बरी. 'फिश स्टोरी'त फुगतो तो आकडा : हातातून निसटलेला मासा दर खेपेला वीतभर वाढतो. तिथे 'बढाई' पुरते. 'ओल्ड वाइव्ज टेल' म्हणजे पिढ्यानपिढ्या चालत आलेली चुकीची समजूत. तिच्यासाठी 'आजीबाईचा बटवा' वापरलेला वारंवार दिसतो आणि तो साफ चुकीचा आहे. बटव्याबद्दल मराठीत आदर आहे. इथे 'भोळी समजूत' म्हणावे. 'कनार्ड' म्हणजे उठवलेली खोटी बातमी. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ बदक, आणि 'बदक अर्धेच विकणे' म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणे असा तिथला जुना वाक्प्रचार. मराठीत 'कंडी पिकवणे' किंवा 'वावडी उठवणे'.

'शॅगी डॉग स्टोरी' आणि 'यार्न' यांच्यासाठी मात्र मराठीत अगदी जवळचा शब्द आहे. पहिली म्हणजे लांबत जाऊन शेवटी फुसकी निघणारी गोष्ट. 'यार्न' म्हणजे सूत किंवा दोराचा पदर, आणि 'यार्न कातणे' हा खलाशांच्या तोंडचा प्रयोग. चोरांच्या बोलीच्या १८१२ सालच्या एका शब्दसंग्रहातही तो नोंदलेला आहे. आपल्याकडे कंटाळवाणे लांबलेले बोलणे म्हणजे चऱ्हाट, आणि चऱ्हाट हाही दोरच, जाड पिळाचा. दोन्ही भाषांना लांबत जाणाऱ्या बोलण्यात दोरच दिसला. गोष्ट रंगत असेल तर 'यार्न'ला 'गप्प' म्हणा, कंटाळा आणत असेल तर बेलाशक 'चऱ्हाट' म्हणा. माणसे चार-पाच असतील तर 'गुऱ्हाळ'.

प्रश्न : अशी गोष्ट 'चिमूटभर मिठाबरोबर घ्यावी' असे इंग्रजीत म्हणतात. मीठ का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : याचे मूळ एका औषधाच्या कृतीशी जोडतात, आणि ती कृती प्रमाणासह टिकून आहे. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या निसर्गविषयक ग्रंथात ती दिली आहे. काळ्या समुद्राकाठचा राजा मिथ्रिडेटीस विषप्रयोगाला फार भीत असे. पाँपे या रोमन सेनापतीने त्याचा पराभव केल्यावर त्याच्या खाजगी कागदांत, त्याच्याच अक्षरात, विषावरचा उतारा सापडला : वाळलेले अक्रोड दोन, अंजीर दोन, सतापीची पाने वीस. एकत्र कुटायचे, त्यात मिठाचा एक खडा घालायचा आणि उपाशीपोटी घ्यायचे, त्या दिवशी कुठलेही विष बाधणार नाही.

प्लिनीच्या वाक्यात मीठ हे निव्वळ मीठ आहे, अविश्वासाचा त्यात मागमूस नाही. 'मिठाच्या कणासह घेणे' म्हणजे 'सावधपणे विश्वास ठेवणे' हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकात दिसतो, जॉन ट्रॅपच्या १६४७ सालच्या लिखाणात तो आहे. 'कणा'ची 'चिमूट' झाली ती त्याहून बरीच उशिरा. अमेरिकेत आजही 'ग्रेन' म्हणजे कणच म्हणतात.

भाषांतर करणाऱ्यांनी इथे सांभाळावे. मराठीत गोष्टीला मीठ लावतो तो सांगणारा. 'तिखटमीठ लावून सांगितले' म्हणजे फुगवून सांगितले. इंग्रजीत मीठ घेतो तो ऐकणारा, सांगितलेले पचवण्यासाठी. 'ही बातमी मिठाबरोबर घ्या' असे लिहिले तर मराठी वाचकाला काहीच बोध होत नाही. 'जपून विश्वास ठेवा' किंवा 'सगळेच खरे धरू नका' असे सरळ लिहावे.

प्रश्न : 'पॉश' हा शब्द मुंबईला येणाऱ्या बोटींच्या तिकिटांवरून आला, हे तरी खरे ना?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही. गोष्ट अशी सांगतात : इंग्लंडहून हिंदुस्थानकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे, म्हणून सावलीची, परतताना उजवी. श्रीमंत उतारू हिंदुस्थानकडे येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची खोली घेत. बोटीची डावी बाजू म्हणजे 'पोर्ट', उजवी म्हणजे 'स्टारबोर्ड'. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर छापली जात आणि त्यातून 'पॉश'. दिशांचा हिशेब ढोबळमानाने बरोबर आहे, म्हणूनच ही गोष्ट पटते. पण अशा छापाचे एकही तिकीट हाती लागलेले नाही. 'पॉश' म्हणजे छानछोकी करणारा माणूस, हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बोलीभाषेच्या कोशात बोटींचा उल्लेखही न होता आहे, आणि तिकिटांची गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती १९३०च्या दशकात. आद्याक्षरांपासून नवा उच्चारी शब्द घडवण्याची चाल इंग्रजीत विसाव्या शतकाआधी फारच विरळ आहे. जुन्या शब्दाची फोड कोणी आद्याक्षरांत करून दाखवली की तिथेच थबकावे.

प्रश्न : 'टेल इट टु द मरीन्स' याच्याशी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि उडणारा मासा यांची गोष्ट जोडतात. ती कितपत खरी?
— एक निवृत्त नौसैनिक, अलिबाग

उत्तर : ती रचलेली आहे. गोष्टीत राजाला उडणाऱ्या माशावर विश्वास बसत नाही, सागरी पलटणीचा अधिकारी साक्ष देतो आणि राजा खूश होऊन म्हणतो, यापुढे शंका आली की आधी मरीन्सना विचारावे. सॅम्युअल पीप्सने हे रोजनिशीत नोंदवले असेही सांगतात. त्या रोजनिशीत अशी नोंद नाही. ही हकिगत मरीन्समधलाच अधिकारी आणि लेखक डब्ल्यू. पी. ड्रुरी याने १९०४ साली लिहिली आणि पुढे ती आपण रचल्याचे त्यानेच कबूल केले. मूळ अर्थ मरीन्सच्या कौतुकाचा नाही, उलट आहे : 'ते मरीन्सना सांग, खलाशी नाही फसायचे.' खलाशांनी बोटीवरच्या सैनिकांना समुद्रातले अडाणी ठरवून मारलेला तो टोमणा होता. बायरनच्या १८२३ सालच्या एका काव्यात तो याच अर्थाने आला आहे.

प्रश्न : मराठी वाक्प्रचारांच्या अशा गोष्टी घरबसल्या तपासता येतील का? कुठून सुरुवात करू?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : येतील. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. वाक्प्रचाराला जोडलेली घटना १८५७नंतरची असेल आणि तो त्या कोशात आधीच असेल, तर गोष्ट तिथेच निकालात निघते. त्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि १९४२ व १९४७ साली दोन भागांत निघालेला त्यांचाच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश पाहावा.

तपासताना क्रम असा ठेवा. आधी सगळ्यात जुना लेखी दाखला शोधा. मग त्या दाखल्यात अर्थ आजचाच आहे का ते पाहा, प्लिनीच्या मिठासारखी फसगत इथे होते. मग त्या जुन्या वाक्यात गोष्टीतले गाव, राजा किंवा सराय यांचा काही मागमूस आहे का ते पाहा. शेवटी कानडी, गुजराती, हिंदी, फारसी या शेजारच्या भाषांत तसाच प्रयोग आहे का ते विचारा. तो चार भाषांत असेल तर एका गावातल्या एका प्रसंगातून निघालेला असण्याची शक्यता फार कमी.

कोशात शोधताना एक अडचण हमखास येते. मोल्सवर्थचे लेखन जुन्या वळणाचे आहे, क्रियापदे 'मारणें', 'सोडणें' अशी अनुस्वारासह दिलेली आहेत. आजच्या पद्धतीने 'मारणे' टाइप केले तर शोध रिकामा येऊ शकतो आणि शब्दच नाही असा समज होतो. अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. तरी सापडला नाही तर क्रियापद सोडून नामाखाली पाहा : 'पुड्या सोडणे' हवे असेल तर 'पुडी'खाली, 'चऱ्हाट लावणे' हवे असेल तर 'चऱ्हाट'खाली.